इनामदार मॅडम आणि तिसरी हातगाडी

इनामदार मॅडम रागावल्या की फार आदराने बोलायच्या. एरवी त्या विद्यार्थ्यांना 'अहो, तुम्ही' म्हणत, आणि ते ऐकलं की आम्ही निर्धास्त असायचो. पण 'तुम्ही'चं 'आपण' झालं, की वर्गात पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागे. "आपण हा प्रोग्राम स्वतः लिहिलात? वा. मग आपल्याला इथे कशाला अडकवून ठेवायचं?" एवढं म्हणून त्या कागद परत करत. कागदावर लाल शाईचा ठिपकासुद्धा नसे. चूक आहे हे त्यांनी सांगायचं, कुठे आहे ते आपण शोधायचं.

मी त्यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे त्यांच्याच विभागात शिकवायला लागले. विद्यापीठातला संगणकशास्त्र विभाग तेव्हा एका जुन्या दगडी इमारतीच्या मागच्या अंगाला होता. देशाने नुकतीच दारं उघडली होती. बाहेरच्या कंपन्या येणार, कॉम्प्युटरवाल्यांना सोन्याचे दिवस येणार, असं पेपरात रोज छापून येत होतं. आमच्याकडे मात्र यंत्रं थोडी आणि मुलं फार. यंत्रांच्या खोलीत एसी होता आणि आत जाताना देवळात शिरावं तशा चपला बाहेर काढायच्या. प्रत्येकाच्या वाट्याला यंत्र जेमतेम येई, म्हणून मॅडम आधी कागदावर प्रोग्राम लिहायला लावत आणि तो पेन्सिलीने, ओळीओळीने, स्वतः चालवून बघायला सांगत. "यंत्र मूर्ख असतं," त्या म्हणत, "तुम्ही त्याच्याशी स्पर्धा करू नका."

बाई अंगाने एवढ्याशा. हातमागाची साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरच्याला वाटावं आपल्याच कानाशी बोलताहेत. मराठी इतकं ठाशीव पुणेरी, की नवीन माणूस दारावरची 'शमीम इनामदार' ही पाटी पुन्हा एकदा बघायचा. एकदा एक पाहुणे प्राध्यापक फार कौतुकाने म्हणाले, की इनामदार मॅडम, तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो. मॅडमनी त्यांच्याकडे बघून तितक्याच कौतुकाने म्हटलं, "आपलंही बरं आहे."

रमजानमध्ये त्या रोजे धरत आणि नेमक्या तेव्हाच प्रात्यक्षिक परीक्षाही घेत. पहिल्याच दिवशी सांगून टाकत, की दुपारनंतर मला राग लवकर येईल, तेव्हा ज्याला चुका करायच्या असतील त्याने सकाळी करून घ्याव्यात. ईदनंतर स्टीलच्या मोठ्या डब्यातून शिरखुर्मा येई. तो वाढताना मात्र त्या अगदी वेगळ्याच बाई असत. कुणाची वाटी रिकामी दिसली की न विचारता भरत आणि नापासांना दोनदा भरत.

घर कसबा पेठेत. खाली वडिलांचं पुस्तकबांधणीचं दुकान, वर दोन खोल्या. वडील गेल्यावर दुकान बंदच होतं. वर मॅडम आणि त्यांची थोरली बहीण, आपा, अशा दोघीच राहत. मॅडमनी लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल विचारण्याची कुणाची छाती नव्हती. लहानपणी बांधणीला आलेल्या पुस्तकांचे सुटे फर्मे, म्हणजे छापून घडी घातलेले पण अजून न शिवलेले पानांचे जुडगे, त्या वाचत बसत. एकदा भूमितीच्या पुस्तकाचे अर्धेच फर्मे आले. एक सिद्धता पानाच्या तळाशी तुटलेली. पुढचे फर्मे येईपर्यंत थांबवेना, म्हणून पोरीने ती स्वतःच पुरी केली. नंतर ताडून पाहिलं, तर छापलेली सिद्धता वेगळीच निघाली. मग तुम्ही काय केलंत, असं मी विचारलं. म्हणाल्या, काय करणार, दोन्ही बरोबर होत्या. फक्त माझी लांबलचक होती.

त्यांचा एक तास विभागात अनेक वर्षं सांगितला जायचा. त्या दिवशी त्यांनी एका विद्यार्थ्याच्या हातात खडू दिला आणि दुसऱ्याच्या हातात डस्टर. फळा आधीच भरलेला होता. लिहायचं तर आधी पुसायला हवं, म्हणजे दोन्ही वस्तू एकाच्याच हातात हव्यात. नियम एकच होता, की दुसऱ्याची वस्तू मिळेपर्यंत आपली सोडायची नाही. दोघे एकमेकांकडे बघत उभे राहिले. मॅडम खुर्चीत बसल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. मुलं हसली, मग कंटाळली, मग दोघांना उपदेश करू लागली. तास संपल्याची घंटा झाली, तशा मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "कॉम्प्युटर असा अडकतो. उद्या भेटू."

त्यांचं संशोधनही ह्याच अडकण्यावर होतं. समजावून सांगताना त्या आपल्या घरासमोरचा बोळ सांगत. बोळ इतका अरुंद, की दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की दोघंही म्हणणार, आधी तू मागे घे. कॉम्प्युटरमध्ये एकाच वेळी चालणारी कामं अशीच एकमेकांची वाट बघत खोळंबतात. मॅडम अशी रीत शोधत होत्या, की गाडी बोळात शिरण्याआधीच कळावं, ही पुढे अडकणार आहे की नाही. कित्येक वर्षं त्या ह्यावर काम करत होत्या. परदेशात ज्यांच्याकडे पैसा आणि यंत्रं होती ते पुढे पळत होते, आणि मॅडम पेन्सिल घेऊन त्यांच्या मागून शांतपणे चालत होत्या.

मग ते सोन्याचे दिवस खरोखरच आले आणि आमचा विभाग ओस पडायला लागला. शतक संपत आलं होतं. जुन्या प्रोग्रामांत सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले, त्यामुळे नवं शतक उजाडताच सगळं कोलमडणार म्हणून जगभर दुरुस्तीची घाई चालली होती, आणि प्रोग्राम लिहिता येणाऱ्या कुणालाही कंपन्या उचलून नेत होत्या. आमचे एक सर दिवाळीच्या सुट्टीत गेले ते परत आलेच नाहीत. दुसरे तर 'बाकीचं उद्या' असं सांगून वर्गातून निघाले आणि त्याच आठवड्यात अमेरिकेला पोचले. मॅडम म्हणाल्या, विभागाची प्रगती आहे. आधी विद्यार्थी परदेशी जायचे, आता शिक्षकच जातात.

शेवटी उरलो मॅडम, मी आणि निवृत्तीला आलेले, बहुतेक वेळ आजारपणाच्या रजेवर असलेले एक ज्येष्ठ सर. रिकाम्या जागा अशाच राहिल्या तर पुढच्या वर्षी एम.एस्सी.ला प्रवेश देता येणार नाहीत, असं विद्यापीठाने कळवलं. ही काही पोकळ धमकी नव्हती. मॅडमनी कुलगुरूंच्या कार्यालयात इतक्या खेपा घातल्या, की तिथला शिपाई त्यांना बघताच चहा सांगायचा. बऱ्याच महिन्यांनी एक जागा भरायची परवानगी मिळाली.

मुलाखतींच्या दिवशी उमेदवारांची व्यवस्था बघायला म्हणून मी खोलीच्या कोपऱ्यात बसले होते. समितीत मॅडम, कुलगुरूंचे प्रतिनिधी आणि बाहेरगावचे एक तज्ज्ञ. मॅडमचा प्रत्येकाला एकच प्रश्न होता, की तुमच्या विषयातली अशी एक गोष्ट सांगा, जी तुम्हाला अजून नीट समजलेली नाही. पहिला उमेदवार टायवाला, फर्डं इंग्रजी बोलणारा, आणि विद्यापीठातल्या कुणा वजनदार माणसाचा भाचा. तो हसून म्हणाला, तसं काही राहिलेलं नाही. "वा," मॅडम म्हणाल्या, "मग आपण आता विश्रांती घ्यावी."

शेवटी आला चंद्रशेखर वानखेडे. चंद्रपूरकडचा, सडपातळ, शर्टाची गळ्यापर्यंतची गुंडी लावलेली. इंग्रजीत दोन वाक्यं बोलला आणि तिसऱ्यात अडकला. तज्ज्ञांनी मान हलवून कागदावर काहीतरी लिहिलं. मॅडमनी त्याला मराठीत बोलायला सांगितलं. तो म्हणाला, की स्वतःलाच पुन्हापुन्हा आत बोलावणारा प्रोग्राम मला लिहिता येते, शिकवताही येते, पण खरं सांगायचं तर आत उतरतो कसा ते समजते. वर कसा येतो ते मात्र मला अजून बोटावर मोजूनच समजते.

मॅडमनी त्याच्या हातात खडू दिला. तो फळ्यावर उतरत गेला, पायरीपायरीने, आणि वर येताना जिथे त्याला स्वतःला अडखळायला होई तिथे खरोखर थांबून आम्हाला सांगत गेला, की हे बघा जी, इथं माणूस चुकते. थोड्या वेळाने तज्ज्ञच खुर्ची पुढे ओढून त्याला प्रश्न विचारू लागले, तेही मराठीत. तरी तो बाहेर गेल्यावर ते म्हणालेच, की पोरगा हुशार आहे, पण बोलण्याचं काय? आजकाल छाप पडावी लागते.

"सर, आपण गेला अर्धा तास त्याच्याशी बोलत होतात," मॅडम म्हणाल्या. "आपल्याला त्याचं बोलणं समजलं नाही का?"

भाच्यासाठी नंतर दोनतीन फोन आले. मॅडमनी सगळे घेतले, सगळ्यांशी अत्यंत आदराने बोलल्या, आणि वानखेडे रुजू झाला.

पहिले काही दिवस मुलं त्याच्या वऱ्हाडी बोलण्याला हसली. मग त्याच्या तासाला दुसऱ्या वर्गाची मुलं येऊन बसायला लागली. मॅडमही एकदा शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसा वाटला? "चूक सापडली नाही," त्या म्हणाल्या. यापेक्षा मोठी शाबासकी त्यांच्या शब्दकोशात नव्हती. मला ती कधी मिळाली नाही.

त्याच सुमारास मॅडमचं ते हातगाड्यांचं संशोधन पुरं झालं. परदेशातल्या एका मोठ्या नियतकालिकाने त्यांचा लेख स्वीकारला. प्राध्यापकपदासाठीची मॅडमची मुलाखतही जवळ आली होती, आणि त्या लेखाच्या जोरावर ती नुसता उपचार ठरणार, असं सगळे धरून चालले होते. मॅडमनी पेढे वाटले नाहीत, पण आपाने घरून गुलगुले पाठवले. वानखेडेने तो लेख वाचायला मागून घेतला.

दोन दिवस तो कागदावर गाड्या काढून बघत होता. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आला आणि कागद पुढे ठेवून म्हणाला, की मॅडमचं दोन गाड्यांना बरोबर बसते, पण मला एक वेगळंच दिसून राहिलं. मी म्हटलं, मला सांगू नका, त्यांना सांगा. त्याची अवस्था बघवेना म्हणून मी बरोबर गेले. दुपारची वेळ, मॅडमचा चहा नुकताच आला होता.

"मॅडम, दोन गाड्या निघतात जी," वानखेडे म्हणाला. "तिसरी आली का फसते."

मॅडमनी कप खाली ठेवला. "आपण बसा, वानखेडे."

'आपण' ऐकून त्याचा चेहरा उतरला. पण त्या रागावलेल्या नव्हत्या. त्या बहुधा कुणाशीच बोलत नव्हत्या. त्यांनी फळ्यावर तीन बोळ काढले, एकमेकांना मिळणारे, आणि तीन गाड्या. पहिली दुसरीसाठी थांबली, दुसरी तिसरीसाठी, आणि तिसरी फिरून पहिलीसाठी. पुसलं, वेगळ्या रीतीने काढलं. तरी तेच. बाहेरची उन्हं उतरली, चहावर साय धरली. शेवटी त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे."

वानखेडे माफी मागू लागला. मॅडमनी त्याला मध्येच थांबवलं. "अहो, माफी कसली मागता? गाडी तुम्ही अडकवली नाहीत. अडकलेली दाखवलीत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेख मागे घेत असल्याचं कळवून टाकलं. रजेवरचे ज्येष्ठ सर खास त्यासाठी विभागात आले आणि त्यांना समजावू लागले. मुलाखत होईपर्यंत थांबा, नंतर सावकाश दुरुस्ती पाठवा. एवढे कठीण लेख वाचतो कोण? त्यांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं, मॅडमबद्दल खरीच कळकळ होती. मॅडम म्हणाल्या, "वानखेड्यांनी वाचला ना. तेवढं पुरे."

त्यांना प्राध्यापकपद मिळालं नाही. मुलाखतीहून येऊन त्यांनी दुपारचा तास नेहमीसारखा घेतला. पण त्यांच्या खोलीतल्या फळ्यावरचं ते तीन गाड्यांचं चित्र त्यांनी बरेच दिवस पुसलं नाही, आणि खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ करून बसू लागल्या. त्या दिवसांत त्या कुणालाच 'आपण' म्हणाल्या नाहीत. आम्हाला ते फार जड गेलं.

आणि मग पुढच्या दिवाळीआधी वानखेडेने राजीनामा दिला. हिंजवडीतल्या एका कंपनीने त्याला बोलावलं होतं. त्याच्या वयाचे सगळे तिकडेच होते, आणि आमच्याकडची त्याची नोकरी अजून कायम झाली नव्हती. कधी होईल हे कुणी सांगू शकत नव्हतं. तो सांगायला गेला, तेव्हा मॅडमनी राजीनाम्यावर लगेच सही केली. "अभिनंदन, वानखेडेसाहेब," त्या म्हणाल्या. त्यातला 'साहेब' त्याला असा लागला, की तो माझ्यासमोर येऊन डोळे पुसत बसला. त्याच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत मॅडम त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्याचे तास त्यांनी आम्हा दोघींत वाटून घेतले, कठीण ते सगळे स्वतःकडे ठेवून.

मी एकदा धीर करून म्हटलं, की मॅडम, त्याचं काय चुकलं? "त्याचं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "त्याला थांब म्हणावं असं माझ्या हातात काही नव्हतं. राग येतो तो ह्याचा."

पुढची हकिगत मला आपाने सांगितली आणि वानखेडेनेही. दोघांच्या सांगण्यात फरक नाही. एका रविवारी सकाळी वानखेडे कसबा पेठेत मॅडमच्या दाराशी हजर झाला. हातात तिसऱ्या गाडीचे कागद. आपाने वर जाऊन सांगितलं. "सांग, मी घरात नाही," मॅडम म्हणाल्या, खाली ऐकू जाईल अशा आवाजात. वानखेडे म्हणाला, "मग येईपर्यंत बसतो जी," आणि बंद दुकानाच्या पायरीवर बसला. थोड्या वेळाने आपाने त्याला चहा दिला. रिकाम्या कपाबरोबर त्याने कागद वर पाठवले. बराच वेळ काही झालं नाही. मग कागद खाली आले. एका ओळीवर लाल रेघ, दुसरं काही नाही. वानखेडेने पायरीवर बसूनच ती ओळ सुधारली आणि कागद पुन्हा वर पाठवले. ते पुन्हा खाली आले. असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी आपा जिन्यातच बसल्या आणि म्हणाल्या, तुम्हाला दोघांना भांडायचं असेल तर एका खोलीत बसून भांडा, माझे गुडघे दुखतात.

त्यानंतर वानखेडेचा रविवार कसबा पेठेतच जाऊ लागला. कधीकधी मीही जायची. आठवडाभर कंपनीत कुणा परदेशी बँकेचे प्रोग्राम लिहून आलेला हा माणूस तिथे जमिनीवर मांडी घालून बसे आणि मॅडमशी हमरीतुमरीवर येई. आपा मधूनमधून खारी आणून ठेवत. वर्ष उलटून गेल्यावर ती तिसरी गाडी एकदाची सुटली, पण एका अटीवर: कोणकोणते बोळ लागणार हे गाडीने आधी सांगायला हवं. मूळ दाव्यात अशी अट नव्हती, त्यामुळे नवा लेख पहिल्याहून लहान झाला आणि त्याहून लहान नियतकालिकात छापून आला. वानखेडे जरा खट्टू झाला होता. "अहो, लहान आहे," मॅडम म्हणाल्या, "पण खरा आहे."

लेखावर नावं कुठल्या क्रमाने घालायची यावर मात्र खरं भांडण झालं. मॅडमनी त्याचं नाव आधी लिहिलं होतं. तो म्हणाला, आडनावाच्या क्रमाने लावा, इनामदार आधी येते. मॅडम म्हणाल्या, पहिल्या नावाच्या क्रमाने लावू. त्यांचं नाव शमीम, ह्याचं चंद्रशेखर. मुळाक्षरांपुढे वानखेडेचं काही चाललं नाही.

पुढे मंदी आली. कंपन्यांनी भरती थांबवली आणि आमच्याकडे एकेका जागेसाठी टोपलीभर अर्ज यायला लागले. मॅडम म्हणाल्या, मंदीत लोकांना शिकवण्याची फार ओढ लागते. पण आलेल्यांतून त्यांनी तोच एक प्रश्न विचारून माणसं निवडली, आणि विभाग पुन्हा भरला. प्राध्यापक न होताच त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी कुलगुरू बोलले, आम्ही बोललो. मॅडम एवढंच म्हणाल्या, की भाषणात बऱ्याच चुका होत्या, पण आज मी त्या काढणार नाही.

आपांना जिना चढवेना, म्हणून दोघी विश्रांतवाडीला तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. मॅडम वारल्या तेव्हा मी परगावी होते. वानखेडे शेवटपर्यंत जवळ होता, एवढं मला कळलं. त्यामुळे माझ्यापाशी आहे ती त्याआधीच्या हिवाळ्यातली एक सकाळ.

त्यांच्या सोसायटीमागे एक नवा रस्ता झाला होता, अजून वाहतूक सुरू न झालेला. मी फाटकाशी रिक्षातून उतरले, तर आपा खुर्ची टाकून उन्हात बसलेल्या, आणि समोरच्या रस्त्यावर हेल्मेट घातलेली, साडी खोचलेली एक बाई बिनगिअरच्या दुचाकीवरून ताठ बसून माझ्याच दिशेने येत होती. तिला गाडी शिकवायला आलेली भाची मागून धावत होती.

"अहो साठे, बाजूला व्हा," मॅडम म्हणाल्या. "मला अजून थांबवता येत नाही."

मी बाजूला झाले. त्या वळसा घालून परत आल्या आणि जाता जाता विचारलं, की यंदा प्रवेश किती झाले. मी उत्तर देईपर्यंत त्या पुढे गेल्या होत्या, म्हणून ते पुढच्या फेरीला दिलं. त्या फेरीत त्यांनी नव्या अभ्यासक्रमाची चौकशी केली. त्याच्या पुढच्या फेरीला अभ्यासक्रम ऐकून 'कुणी केला हा?' असं म्हणून गेल्या. भाची दमून आपांच्या शेजारी येऊन बसली. आपा म्हणाल्या, पेट्रोल संपलं की येईल घरी, तू चहा घे.

मला परत निघायची घाई होती. चहा पिऊन मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि त्या जवळ आल्यावर 'येते मॅडम' म्हटलं. हात हलवायचा तर हँडलची मूठ सोडावी लागली असती. त्यांनी मान किंचित लववली, नजर रस्त्यावरून न काढता, आणि कोवळ्या उन्हात सरळ पुढे निघून गेल्या. डावीकडे वळण्याचा दिवा मात्र लुकलुकत राहिला होता.